इव्ह ऑनलाइनच्या इतिहासाची ओळख: नवख्या पायलटांसाठी मार्गदर्शन

इव्ह ऑनलाइन हा अंतराळातला खेळ ६ मे २००३ रोजी सुरू झाला. आइसलँडमधल्या रेक्याविक शहरातील सीसीपी या कंपनीने तो तयार केला. चीनसाठीचा वेगळा सर्व्हर वगळला, तर जगभरातले खेळाडू आजही ट्रँक्विलिटी नावाच्या एकाच सर्व्हरवर, एकाच विश्वात वावरतात, आणि हे विश्व आजवर एकदाही पुसून नव्याने सुरू केलेले नाही. त्यामुळे २०१४ साली जिथे मोठी लढाई झाली त्या जागी आज तुम्ही स्वतःचे जहाज घेऊन जाऊ शकता, आणि त्या लढाईत लढलेला एखादा पायलट तुमच्याच कॉर्पोरेशनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, तुम्हाला भेटू शकतो.

नवखा खेळाडू या खेळाच्या इतिहासापुढे बावरतो, याचे मुख्य कारण असे की इथे दोन इतिहास एकाच नकाशावर नांदत आहेत. एक कंपनीच्या लेखकांनी रचलेला आहे. त्यात साम्राज्ये, वंश, धर्म, गुलामगिरी, बंडे आणि हजारो वर्षांचा काळ येतो. दुसरा खेळाडूंनी स्वतः घडवलेला आहे. त्यात त्यांच्या अलायन्स (अनेक कॉर्पोरेशनच्या आघाड्या), त्यांची युद्धे, हेरगिरी, विश्वासघात आणि बाजारपेठा येतात. बहुतेक ठिकाणी यांपैकी एकच सांगितला जातो आणि दुसरा गाळला जातो. माझे ठाम मत असे आहे की हे दोन इतिहास जिथे एकमेकांत मिसळले त्या जागा समजल्या, तरच हा खेळ वीस वर्षांहून अधिक काळ का टिकला ते उमगते. पुढील पायऱ्यांचा क्रम तेच डोळ्यांसमोर ठेवून लावला आहे.

पहिली पायरी: कथेचा कणा समजून घ्या

सुरुवातीला सगळी कालरेषा पाठ करण्याचा प्रयत्न करू नका. एवढे कळले तरी पुरे आहे: दूरच्या भविष्यकाळात मानवाला अवकाशात एक नैसर्गिक विवर, म्हणजे दूरच्या दोन जागा जोडणारा बोगदा, सापडले आणि त्यातून तो अज्ञात ताऱ्यांच्या प्रदेशात पोहोचला. विवराच्या त्या टोकावर ईव्ह गेट हे प्रवेशद्वार उभारण्यात आले आणि त्या नव्या प्रदेशाला न्यू इडन हे नाव मिळाले. वसाहती वाढत असतानाच विवर कोसळले आणि पृथ्वीकडून येणारी रसद कायमची तुटली. बहुतेक वसाहती नष्ट झाल्या. ज्या थोड्या तगल्या त्यांतील माणसे आपण कुठून आलो हेसुद्धा विसरली. हजारो वर्षांनंतर या विखुरलेल्या वसाहती पुन्हा एकेक करून अंतराळात झेपावल्या आणि एकमेकींना भेटल्या, तेव्हा त्या परस्परांना परक्या झाल्या होत्या.

त्यांतील चार सत्ता आज महत्त्वाच्या आहेत. आमार हे धर्मसत्ताक साम्राज्य आहे. इतरांना जिंकून आपल्या धर्माखाली आणणे हे त्यांना पवित्र कर्तव्य वाटते आणि त्या मोहिमेला ते ‘रीक्लेमिंग’ म्हणतात. मिन्मटार हे सात जमातींचे लोक आमारांच्या गुलामीत पिढ्यान्‌पिढ्या राहिले. व्हिटॉक हे द्रव्य टोचून त्यांना बांधून ठेवले जाई, कारण ते ठरावीक वेळी पुन्हा मिळाले नाही तर गुलाम दगावत असे. आमारांचे आरमार जोव्ह या अतिप्रगत लोकांकडून व्हाकाटिओथच्या लढाईत पराभूत झाले, ती संधी साधून मिन्मटारांनी बंड केले आणि आपले प्रजासत्ताक उभारले. मात्र सगळेच मुक्त झाले नाहीत, आणि मिन्मटारांच्या राजकारणातील सारा संताप या अर्धवट राहिलेल्या मुक्तीतून येतो.

गॅलेन्टे आणि कॅल्डारी यांचे वैर वेगळ्या जातीचे आहे. या दोघांचे मूळ ग्रह लुमिनेअर या एकाच सूर्यमालेत आहेत. गॅलेन्टे संघराज्य लोकशाहीवादी आहे आणि आपली जीवनपद्धती इतरांनीही स्वीकारावी असा त्यांचा आग्रह असतो. कॅल्डारी राज्य आठ महाकाय कंपन्यांच्या हातात आहे आणि तिथे व्यक्तीपेक्षा समूहाची शिस्त मोठी मानली जाते. दोघांमध्ये फूट पडली, कॅल्डारी प्राइम या ग्रहावरील नूव्हेल रुव्हनॉर या पाण्याखालच्या गॅलेन्टे शहराचा घुमट घातपाताने फोडला गेला, आणि युद्ध भडकले. कॅल्डारींना आपला मूळ ग्रह सोडून निघावे लागले. या एका घटनेची जखम मनात ठेवली की पुढच्या काळातील निम्मी कथा आपोआप जुळत जाते.

चारही सत्तांमध्ये समतोल राखण्यासाठी कॉन्कॉर्ड ही संस्था स्थापन झाली. जोव्हांकडून कॅल्डारींना मिळालेल्या कॅप्सूल तंत्रज्ञानामुळे एकच माणूस द्रवाने भरलेल्या कोशात तरंगत अख्खे जहाज मनाने चालवू लागला. जहाज आणि कोश दोन्ही फुटले तरी त्याची जाणीव दूर तयार ठेवलेल्या क्लोनमध्ये, म्हणजे त्याच्या प्रतिदेहात, जागी होते. अशा पायलटला कॅप्सुलीअर म्हणतात, आणि तुम्ही खेळता ते पात्र हेच आहे. मरणातून परत येण्याची सोय इथे कथेचाच भाग आहे, हे नवख्याने आवर्जून लक्षात घ्यावे, कारण जहाजांवरील साधे खलाशी मात्र मरतात ते कायमचे.

दुसरी पायरी: आपल्या जहाजापासून वाचायला लागा

पात्र निवडताना तुम्ही या चारांपैकी एक वंश निवडता. त्या वंशाची लहान जहाजे घ्या आणि प्रत्येकाची माहितीची खिडकी उघडून वर्णन वाचा. अनेक खेळाडू त्यातील फक्त आकडे पाहतात. कथा मात्र वरच्या परिच्छेदात असते. पाहायला शिकलात तर जहाजांची घडणसुद्धा बोलते. आमारांची जहाजे सोनेरी, मंदिरासारखी भव्य असतात आणि अपोकॅलिप्स, आर्मागेडन, अबॅडन अशी धर्मग्रंथांतील नावे धारण करतात. मिन्मटारांची जहाजे जोडजोड केलेली, गंजलेल्या पत्र्यांची दिसतात, कारण बंडखोरांनी हाती आले ते वापरून आरमार उभे केले. त्यांची नावे टायफून, टेम्पेस्ट, हरिकेन अशी वादळांची आहेत. कॅल्डारींच्या रेव्हन, मर्लिन, केस्ट्रल या जहाजांना पक्ष्यांची नावे आहेत, तर गॅलेन्टेंच्या निक्स, थॅनाटॉस, एरेबस या मोठ्या जहाजांना ग्रीक पुराणांतील. एकदा हे ध्यानात आले की युद्धातली जहाजांची लांबलचक यादीसुद्धा नुसती नावे राहत नाही.

तिसरी पायरी: सिस्टर्स ऑफ इव्हची मोहीम पूर्ण करा

प्राथमिक प्रशिक्षण आणि करिअर एजंटांची (खेळातील कामे सोपवणाऱ्या पात्रांची) कामे उरकली की आर्नॉन या सूर्यमालेत जा आणि सिस्टर अलिटुरा या एजंटला भेटा. तिच्यापासून ‘द ब्लड-स्टेन्ड स्टार्स’ ही सलग कथेची मोहीम सुरू होते. सिस्टर्स ऑफ इव्ह ही संकटग्रस्तांना मदत करणारी संस्था असून ईव्ह गेटचे रहस्य शोधणे हाही तिचा ध्यास आहे, म्हणून नवख्याची पहिली मोठी कथा तिच्याकडून मिळावी हे फार उचित आहे. ही मोहीम तुम्हाला चारही सत्तांच्या प्रदेशांतून फिरवते, तीन महिन्यांनी पुन्हा करता येते, आणि मोफत खेळणाऱ्या आल्फा पायलटलाही ती पूर्ण करता येते. संवाद वाचल्याशिवाय पुढे जाण्याचे बटण दाबू नका. शेवटच्या टप्प्यातील डॅगन हा शत्रू एकट्या नवख्याला जड जातो, तेव्हा तिथे एखाद्या अनुभवी पायलटला सोबत बोलवावे.

चौथी पायरी: तारखा वाचायला शिका

कथेतील तारखा युलाई कराराच्या गणनेत लिहिल्या जातात आणि वर्षापुढे वायसी ही अक्षरे असतात. आपल्या सनातून १८९८ वजा केले की वायसी वर्ष मिळते. खेळ सुरू झाला ते २००३ साल म्हणजे वायसी १०५, आणि २०१५ म्हणजे वायसी ११७. कथेतील काळ खऱ्या काळाबरोबरच पुढे सरकतो, त्यामुळे बातम्यांतील घटना कधी खेळात प्रत्यक्ष घडली हे या हिशेबाने लगेच कळते. घड्याळही लक्षात ठेवा: खेळातील वेळ भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते आणि सर्व्हर रोज आपल्या दुपारी साडेचारच्या सुमारास देखभालीसाठी थोडा वेळ बंद होतो. युरोपातील खेळाडूंची संध्याकाळ आपल्याकडे मध्यरात्रीकडे झुकलेली असते, हे भारतातून खेळणाऱ्यांनी एखाद्या सामूहिक घटनेचे आमंत्रण स्वीकारताना आधीच पडताळून घ्यावे.

पाचवी पायरी: खेळाडूंनी घडवलेला इतिहास जाणून घ्या

इथून दुसरा इतिहास सुरू होतो, आणि तो समजण्यासाठी आधी नकाशाची एक गोष्ट स्पष्ट हवी. प्रत्येक सूर्यमालेला सुरक्षिततेचा आकडा असतो. ०.५ आणि त्यावरील भागात, म्हणजे हाय-सेकमध्ये, हल्ला करणाऱ्याला कॉन्कॉर्ड शिक्षा करते, ०.४ ते ०.१ हा कमी सुरक्षेचा लो-सेक, आणि ०.० व त्याखालील नल-सेकमध्ये कोणताही कायदा नाही. नल-सेकच्या मोठ्या भागात साम्राज्यांची सत्ता नसते आणि खेळाडूंच्या अलायन्स तिथे प्रदेश जिंकून आपली राज्ये उभारतात. लेखकांनी रिकामी सोडलेली ही जागा खेळाडूंनी भरली.

काही प्रसंग प्रत्येक नवख्याला माहीत असावेत. एप्रिल २००५ मध्ये गायडिंग हँड सोशल क्लब या भाडोत्री गटाने एका कॉर्पोरेशनमध्ये दीर्घकाळ आपली माणसे पेरून एकाच दिवशी तिची तिजोरी लुटली आणि तिच्या प्रमुखाचे जहाज फोडले. नियमांनुसार हे सर्व वैध होते, आणि या खेळात विश्वास ही सर्वांत महाग वस्तू आहे हे त्या दिवशी जगाला कळले. डिसेंबर २००६ मध्ये पहिले टायटन, म्हणजे सर्वांत मोठ्या वर्गाचे जहाज, नष्ट झाले. त्याचे नाव ‘स्टीव्ह’ होते आणि त्याचे अवशेष सी९एन-सीसी या सूर्यमालेत स्मारक म्हणून आहेत. फेब्रुवारी २००९ मध्ये बँड ऑफ ब्रदर्स या त्या काळच्या बलाढ्य अलायन्सचा एक पदाधिकारी शत्रूला, म्हणजे गूनस्वार्मला, जाऊन मिळाला आणि अलायन्सच विसर्जित करून टाकली. तिचा डेल्व्ह या भागातला प्रदेश एका रात्रीत निराधार झाला.

बी-आर५आरबीची लढाई मात्र सविस्तर समजून घेण्यासारखी आहे. २७ आणि २८ जानेवारी २०१४ रोजी ती सुमारे २१ तास चालली आणि तिच्यात ७५ टायटन नष्ट झाले. तिचे कारण अगदी क्षुल्लक होते: इमेन्सी प्रदेशातील त्या सूर्यमालेच्या मालकीचा देखभाल-खर्च वेळेवर भरला गेला नाही, ती मालकीविना पडली, आणि तिथे आपली जहाजे ठेवणाऱ्या गटावर विरुद्ध आघाडी तुटून पडली. इतका वेळ लागण्यामागे सर्व्हरची एक खास रचनाही आहे. एका ठिकाणी हजारो पायलट जमले की सर्व्हर कोलमडू नये म्हणून खेळातील काळच मंद केला जातो, तो मूळ वेगाच्या दहा टक्क्यांपर्यंत उतरतो, आणि मिनिटांची कृती तासांत पसरते. त्यामुळे दूरदूरच्या देशांतील पायलटांना झोपेतून उठून किंवा कामावरून परतून लढाईत सामील होण्याइतका अवधी मिळाला. त्या फुटलेल्या टायटनांचे अवशेष ‘टायटनोमॅकी’ या नावाने तिथे कायमचे ठेवण्यात आले आहेत. पुढे जुलै २०२० ते ऑगस्ट २०२१ या काळात चाललेल्या महायुद्धात, ३० आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी, एम२-एक्सएफई इथे २५७ टायटन नष्ट होऊन हा विक्रमही मोडला गेला.

लढाया सोडून इतरही गोष्टी या इतिहासात आहेत आणि मला त्या तितक्याच मोलाच्या वाटतात. ‘व्हाइल रॅट’ या नावाने खेळणारे शॉन स्मिथ हे गूनस्वार्मचे मुत्सद्दी प्रत्यक्षात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात काम करत होते आणि ११ सप्टेंबर २०१२ रोजी बेनगाझीतील हल्ल्यात मारले गेले. शत्रू आणि मित्र अशा दोन्ही बाजूंच्या खेळाडूंनी आपली अवकाशस्थानके त्यांच्या नावाने ओळखली जावीत अशी त्यांची नावे बदलली. मोलिया या सूर्यमालेत खेळाडूंनी स्वतःच एक दफनभूमी जपली आहे. काटिया साय या पायलटने जवळजवळ दहा वर्षे फिरून, एकही जहाज न गमावता, सगळ्या ज्ञात सूर्यमाला पाहिल्या. त्या पराक्रमाचा पुतळा सैसियो इथे उभा आहे.

सहावी पायरी: दोन इतिहास एकत्र आले त्या घटना अभ्यासा

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. २००८ साली कथेत युद्ध पुन्हा पेटले. मिन्मटारांच्या एका गुप्त आरमाराने युलाई इथल्या कॉन्कॉर्डच्या मुख्यालयावर आणि आमारांवर हल्ला केला, मृत समजली गेलेली जामिल सारुम परत येऊन आमारांची तारणहार झाली, आणि कॅल्डारींनी शीगेरू हे टायटन डोक्यावर तरंगत ठेवून कॅल्डारी प्राइम परत घेतला. त्याच वेळी खेळाडूंना चारही सत्तांच्या सैन्यांत भरती होण्याची सोय मिळाली आणि लिहिलेले युद्ध खेळले जाऊ लागले. २२ मार्च २०१३ रोजी लुमिनेअरमध्ये हजारो पायलटांच्या उपस्थितीत शीगेरू फोडले गेले आणि ते कॅल्डारी प्राइमवर कोसळले.

ऑगस्ट २०१५ मध्ये ड्रिफ्टर या गूढ शत्रूने सम्राज्ञी जामिलला ठार केले. आमारांच्या परंपरेनुसार गादीचे वारस आपापले योद्धे निवडतात, योद्ध्यांच्या द्वंद्वातून नवा शासक ठरतो आणि हरलेल्या वारसांना विधिपूर्वक प्राणत्याग करावा लागतो. कंपनीने हा निकाल कागदावर लिहून ठेवला नाही. खेळाडूंच्या संघांनी वारसांच्या वतीने स्पर्धा लढवली, २०१६ साली कॅटिझ टॅश-मुर्कॉनचा संघ जिंकला आणि ती सम्राज्ञी झाली. आज आमार साम्राज्याविषयीच्या कोणत्याही बातमीत तिचे नाव वाचाल तेव्हा ते त्या संघाच्या विजयामुळे तिथे आहे.

याहून मोठे उदाहरण ट्रिग्लाव्हियन आक्रमणाचे आहे. २०१९ आणि २०२० मध्ये या लोकांनी अनेक सूर्यमालांवर चाल केली. खेळाडूंमध्ये फूट पडली; काहींनी साम्राज्यांच्या संरक्षक आघाडीची बाजू घेतली, तर काही आक्रमकांना मिळाले, आणि कोणती सूर्यमाला वाचेल हे या दोघांच्या झुंजीवर ठरले. शेवटी २७ सूर्यमाला मूळ नकाशावरून तुटून पोचव्हेन हा नवा प्रदेश बनला. त्यांत निआर्या होती. जिता ही सर्वांत मोठी बाजारपेठ आणि आमार ही दुसरी मोठी बाजारपेठ यांना जोडणारा जवळचा सुरक्षित मार्ग निआर्यातून जात असे. ती गेल्यावर तो मार्ग बंद झाला. मालवाहू पायलटांना एक तर लो-सेकमधून जोखीम पत्करून जावे लागू लागले किंवा कितीतरी लांबचा वळसा घ्यावा लागू लागला. आजही या दोन बाजारांतील किमतींत तफावत दिसली, तर तिच्यामागे ही घटना आहे का ते आधी तपासा. कथेला हसणाऱ्या व्यापाऱ्यांनाही या एका प्रसंगाने कथेची दखल घ्यायला लावले.

जिताविषयीही एक नोंद इथेच करतो. ती मोठी बाजारपेठ व्हावी असे कोणी ठरवले नव्हते. सुरुवातीच्या काळात व्यापार युलाईत एकवटला होता. सूर्यमालांना जोडणाऱ्या गेटचे मार्ग बदलल्यावर खेळाडूंनी हळूहळू जिताची निवड केली.

सातवी पायरी: प्रत्यक्ष जाऊन पाहा

वाचनाबरोबर प्रवास करा. न्यू इडन याच नावाच्या सूर्यमालेत ईव्ह गेटचा प्रखर उजेड पाहता येतो. ती लो-सेकमध्ये आहे. स्मारके नल-सेकमध्ये असतील तर तिथे जाताना स्वस्त शटल किंवा साधे फ्रिगेट (लहान लढाऊ जहाज) न्यावे, महागडे इम्प्लांट (क्षमता वाढवणारी, शरीरात बसवलेली उपकरणे) असलेला क्लोन घरी ठेवावा आणि मालाची पेटी रिकामी असावी. ऑटोपायलट वापरू नये, कारण तो गेटपासून काही किलोमीटर अलीकडे थांबवतो आणि तेवढ्या अंतरात तुम्ही सहज मारले जाता. प्रत्येक उडीपूर्वी नकाशावर मागील तासात तिथे किती जहाजे फुटली ते पाहा. जहाज गेले तरी खचू नका; मात्र ते जाणार असे धरूनच निघा.

कुठे वाचावे, कोणाला विचारावे

कंपनीने प्रसिद्ध केलेल्या लघुकथा, ज्यांना क्रॉनिकल म्हणतात, त्या पार्श्वभूमी समजण्यासाठी उत्तम आहेत. पहिली पायरी पूर्ण केल्यावर आपल्या वंशाच्या दोन-तीन कथा वाचा आणि मगच इतर वंशांकडे वळा. चालू घडामोडींसाठी ‘द स्कोप’ या कथेतील वृत्तवाहिनीच्या चित्रफिती पाहाव्यात. इव्ह युनिव्हर्सिटी ही २००४ पासून नवख्यांना शिकवणारी खेळाडूंची संस्था आहे आणि तिचा माहितीकोश विश्वासार्ह आहे.

खेळाडूंच्या युद्धांविषयी वाचताना मात्र सावध राहा. जिंकणारा आणि हरणारा दोघेही आपापली बाजू रंगवून सांगतात, आणि इथे प्रचार हे युद्धाचे अधिकृत हत्यार आहे. एकाच लढाईचे दोन्ही बाजूंचे वृत्तांत वाचा, नष्ट झालेल्या जहाजांच्या नोंदींशी ते ताडून पाहा, आणि मग आपल्या कॉर्पोरेशनमधील जुन्या पायलटला विचारा. तो तिथे होता का, कोणत्या बाजूने होता आणि त्या वेळी कोणते जहाज चालवत होता, हे आधी विचारून घ्यावे. बाकीचे तो स्वतःहून सांगतो.